सांध्याचा आडोसा

सोलापुरात वेल्डिंगचे छोटे यंत्र घ्यायला गेले, की दुकानदार किंमत सांगण्याआधी विचारतो, "वायर कोणती वापरणार, सॉलिड की फ्लक्स कोअर?" सॉलिड म्हणजे तांब्याचा पातळ मुलामा दिलेली भरीव पोलादी तार, तिच्यासोबत कार्बन डायऑक्साइडची टाकी घ्यावी लागते. फ्लक्स कोअर म्हणजे आतून पोकळ आणि त्या पोकळीत भुकटी ठासलेली तार. तिला टाकी लागत नाही. दुकानदाराच्या लेखी हा टाकीच्या खर्चाचा प्रश्न असतो. या शहरातल्या गिरण्या, त्यांची यंत्रे आणि ती दुरुस्त करणारी माणसे यांच्याविषयी वाचण्यात बरीच वर्षे गेल्यामुळे असेल, पण मला त्यात एक फार जुना प्रश्न दिसतो. तापलेल्या लोखंडाला हवेपासून आडोसा द्यायचा तो बाहेरून की आतून?

आडोसा लागतोच. पांढरे होईपर्यंत तापलेले लोखंड हवेतला प्राणवायू घेते आणि त्याच्यावर खपली धरते. वितळलेले लोखंड नत्रवायूही शोषते, आणि थिजल्यावर तो सांधा वरून धड दिसला तरी आतून ठिसूळ किंवा भोकाभोकांचा असतो. जोडकामाचा सगळा इतिहास म्हणजे ही हवा दूर ठेवण्याच्या युक्त्यांचा इतिहास आहे, असे म्हटले तर अतिशयोक्ती फार थोडी होईल.

सोलापूर तीन-चार भाषांचे गाव. मराठी माणूस ज्याला लोहार म्हणतो त्याला कानडी घरात कम्मार आणि तेलुगू घरात कम्मरी म्हणतात. रस्त्याकडेला पाल ठोकून विळे-खुरपी करून देणारा घिसाडी आणखी वेगळा. या सगळ्यांचे कसोटीचे काम म्हणजे बैलगाडीच्या चाकाची धाव. लाकडी चाकावर चढवायच्या लोखंडी पट्टीची दोन टोके भट्टीतच जोडावी लागत. टोके पांढरी होईपर्यंत तापवायची, त्यांवर टाकणखाराची पूड टाकायची आणि ऐरणीवर एकावर एक ठेवून घण घालायचे. टाकणखार सुमारे ७४० अंश सेल्सिअसला वितळतो, म्हणजे लोखंड जोडण्याइतके तापण्याच्या कितीतरी आधी. तो काचेसारखा पसरतो, लोखंडावरची खपली विरघळवून घेतो, आणि घाव बसला की तिला घेऊन कडेने बाहेर उडतो. मागे स्वच्छ लोखंडाला स्वच्छ लोखंड भिडते. सोनाराच्या पेटीतली सवागी ती हीच. कोशकारांनी अशा पदार्थाला 'अभिवाह' हा शब्द दिला. बाजारात तो कोणी उच्चारत नाही, तिथे फ्लक्स हाच शब्द चालतो.

या सवागीचा प्रवास पाहण्यासारखा आहे. लडाखमधील पुगा खोरे आणि तिबेटातील खाऱ्या सरोवरांचे काठ हे तिचे मूळ ठिकाण. मेंढ्या-शेळ्यांच्या पाठीवर छोट्या पिशव्या लादून ती हिमालयाच्या खिंडी उतरत असे. संस्कृत 'टंकण' हा शब्द फारसी-अरबीतून 'तिंकार' होऊन युरोपात गेला आणि इंग्रजीत 'टिंकल' झाला. पुढे इटलीतील टस्कनी आणि मग अमेरिकेतील कॅलिफोर्निया इथून टाकणखार निघू लागला आणि हिमालयातला व्यापार आटला. आपल्या लोहाराच्या डबीतली पूड नेमकी कधी परदेशी झाली, हे त्याला कळलेही नसेल.

पण त्याच भट्टीत दुसरा आडोसाही होता, आणि त्याच्याकडे सहसा लक्ष जात नाही. जाणता लोहार लोखंड भात्याच्या झोताच्या तोंडाशी धरत नाही. कोळशाच्या जाड थराच्या पोटात धरतो. तिथे प्राणवायू जळून संपलेला असतो आणि कार्बन मोनॉक्साइडचे आवरण लोखंडाभोवती राहते. म्हणजे भुकटीचा आडोसा आणि वायूचा आडोसा, दोन्ही एकाच भट्टीत नांदत होते. वायरीच्या दुकानात ते वेगवेगळ्या खोक्यांत मिळतात एवढाच फरक.

ही कला किती मोठ्या आकारापर्यंत गेली होती ते पाहायचे तर सोलापूरहून शंभरेक किलोमीटरवरच्या विजापूरला जावे. लोक मुलूख मैदान पाहून परततात. ती तोफ १५४९ सालची, ओतीव मिश्रधातूची, आणि १६३२ मध्ये परांड्याच्या किल्ल्यातून तिकडे नेलेली. खरे तर उपली बुरुजाच्या पायऱ्याही चढायला हव्यात. तिथली सुमारे ३० फूट लांबीची तोफ ओतलेली नाही. लोखंडी पट्ट्या लांबीने एकमेकींना लावून त्यांवर तापलेली कडी एकापुढे एक चढवत, ठोकून एकजीव करत ती घडवली आहे. तिच्या अंगावरून हात फिरवला तर कड्यांचे सांधे बोटांना लागतात. मला मुलूख मैदानापेक्षा ही तोफ अधिक थोर वाटते. ओतकामात साचा फसला तर धातू पुन्हा वितळवता येतो. इथे प्रत्येक कडे त्याच वेळी, त्याच उष्णतेत जमले पाहिजे.

१८७७ मध्ये सोलापुरात कापडगिरणी सुरू झाली. तीच पुढे 'जुनी गिरण' म्हणून ओळखली गेली. पाठोपाठ लक्ष्मी, नरसिंगगिरजी, विष्णू, जाम या गिरण्या आल्या आणि गावचे लोखंड एकदम बदलले. बॉयलर होते रिव्हेट ठोकलेले. मागांचे सांगाडे होते बिडाचे, आणि बीड लोहाराला दाद देत नाही. घडीव लोखंड पांढरे होऊन मऊ पडते. बीड मऊ न पडता एकदम वितळते, घणाखाली तर फुटतेच. मागाची चौकट तडकली की दोन्ही बाजूंनी पोलादी पट्टी लावून बोल्ट कसायचे, हाच इलाज. याच जिल्ह्यात १८९७ मध्ये बार्शी लाइट रेल्वे धावू लागली. तिची अडीच फुटी रुळांवरची वाहने पत्रे दाबून घडवलेली, हलकी, त्या काळी नावाजलेली. तरी जोड रिव्हेटचेच. पिढ्यान्‌पिढ्या भट्टीत सांधे जुळवणारा लोहार कारखान्याच्या दारात आला तो रिव्हेट तापवायला आणि घण उचलायला. त्याच्या डबीतली पूड तिथे कोणी मागितली नाही. (जुन्या गिरणीचे नाव कायद्याच्या विद्यार्थ्यांना वेगळ्याच कारणाने पाठ असते. १९४९ मध्ये ती बंद पडली, १९५० मध्ये सरकारने कायदा करून तिचा कारभार हाती घेतला, आणि त्यावरचे खटले सर्वोच्च न्यायालयाच्या पहिल्या महत्त्वाच्या घटनात्मक निवाड्यांत मोडतात.)

इकडे गिरणीची धुराडी धूर ओकू लागली त्यानंतर चारच वर्षांनी, १८८१ मध्ये, रशियन साम्राज्यातील निकोलाय बेनार्दोस याने कार्बनची कांडी आणि धातू यांच्यामध्ये विजेची प्रज्योत पेटवून सांधा करून दाखवला. १८८८ मध्ये निकोलाय स्लाव्यानोव याने कार्बनऐवजी धातूचीच कांडी घेतली. ती स्वतः वितळून सांध्यात उतरू लागली. लोहाराच्या घणाची गरज संपली, पण हवा मोकळीच राहिली. उघड्या कांडीने केलेले सांधे ठिसूळ निघत, प्रज्योत सारखी विझे. जहाजांच्या बॉयलरांचे गळके रिव्हेट दुरुस्त करण्याच्या खटपटीत असलेल्या ऑस्कर शेलबर्ग या स्वीडिश अभियंत्याने यावर तोड काढली. १९०४ मध्ये त्याने योटेबोर्ग इथे एसाब ही कंपनी काढली आणि १९०७ मध्ये लेप दिलेल्या कांडीचे पेटंट मागितले. लोखंडी तार खनिजांच्या चिखलात बुडवून वाळवायची, एवढीच ती युक्ती. प्रज्योतीत लेप जळतो, त्यातून वायू निघतो आणि वितळलेल्या धातूवर मळीची साय धरते. टाकणखाराची चिमूट लोखंडाला कायमची चिकटवून टाकली, असे त्याचे वर्णन करता येईल. शेलबर्गने आपला लोहार पाहिला नव्हता, तरी दोघांचे उत्तर एकच.

ही लेपाची कांडी, म्हणजे आपला 'रॉड', भारतात वाढली त्याच्या दोन खुणा सांगतो. १९३५ मध्ये कलकत्त्यात इंडियन ऑक्सिजन अँड अ‍ॅसिटिलीन कंपनी स्थापन झाली. १९५१ मध्ये अडवाणी-ओरलिकॉन आली, तीच आजची अडोर वेल्डिंग. मधल्या काळात गावोगावच्या गॅरेजात कार्बाइडचे डबे होते. पाण्यात कार्बाइड टाकून अ‍ॅसिटिलीन वायू करायचा, त्याच्या ज्योतीवर पितळेची सळी वितळवायची आणि सायकलची चौकट जोडायची. त्यातही सवागी होतीच, सळीचे तापलेले टोक तिच्या डबीत बुडवत. हाच कार्बाइड आंबे पिकवायलाही चोरून वापरला जातो, त्यामुळे तो गॅरेजवाल्याइतकाच फळवाल्याच्याही परिचयाचा.

रॉडने देशभर जे राज्य केले त्याचे कारण आडोशात आहे. रॉडवाल्याला टाकी नको, टाकी भरून आणायला शहर नको, वाऱ्याची फिकीर नको. ट्रान्सफॉर्मरचे अवजड यंत्र हातगाडीवर घातले, तिघांच्या जोराने जिन्यावर चढवले, की तिसऱ्या मजल्यावरची ग्रिल तिथेच जोडून मिळते. शटर, जिना, उसाची ट्रॉली, पत्र्याच्या शेडची कैची, हा सगळा महाराष्ट्र रॉडने जोडलेला आहे. नेहमीच्या ६०१३ रॉडच्या लेपात मुख्य घटक रुटाइल असतो. केरळच्या किनाऱ्यावरच्या वाळूतून तो निघतो. सोलापूरच्या गेटात चवऱ्याची वाळू आहे, हे मला अजूनही गंमतीचे वाटते.

वायूच्या आडोशाची गोष्ट वेगळ्या वाटेने गेली. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकेत विमानांच्या हलक्या धातूंसाठी हेलियम-आर्गॉनसारखे महाग वायू वापरून जोडकाम सुरू झाले. १९४८ मध्ये सतत पुढे सरकणारी तार त्याला जोडली गेली. पण आर्गॉन साध्या पोलादाला परवडेना. १९५३ मध्ये ल्युबावस्की आणि नोवोझिलोव या सोव्हिएत संशोधकांनी कार्बन डायऑक्साइड वापरून पाहिला. हा वायू स्वस्त, पण पुरता निरुपद्रवी नाही: प्रज्योतीच्या उष्णतेत तो फुटतो आणि त्यातून प्राणवायूच मोकळा होतो. ज्याला बाहेर ठेवायचे तोच घरात! म्हणून तारेतच सिलिकॉन आणि मँगनीज वाढवले. आज सगळीकडे मिळणाऱ्या ई-आर ७० एस-६ या तारेत मँगनीज १.४० ते १.८५ टक्के आणि सिलिकॉन ०.८० ते १.१५ टक्के असते. हे दोघे प्राणवायूला आधी पकडतात आणि सांध्यावर तपकिरी काचेचे छोटे ठिपके होऊन बसतात. 'सॉलिड वायरला फ्लक्स नसतो' असे जे सांगितले जाते ते म्हणून अर्धेच खरे. लोहाराची चिमूट तिथे धातूत विरघळून लपलेली आहे.

फ्लक्स कोअर ही या दोन घराण्यांच्या लग्नातून झालेली. रॉडचा लेप बाहेर असतो म्हणून त्याची गुंडाळी करता येत नाही, लेप तडकतो. मग लेप आत घातला तर? पोलादाची अरुंद पट्टी पन्हळीसारखी वळवायची, त्यात भुकटी भरायची, कडा मिटवायच्या आणि ओढून बारीक तार करायची. १९५० च्या दशकात आर्थर बर्नार्ड याने वायूसह चालणारी अशी तार काढली. १९५८ च्या सुमारास लिंकन कंपनीने वायूशिवाय चालणारी तार बाजारात आणली. या दुसऱ्या प्रकारात भुकटीतील अ‍ॅल्युमिनियम नत्रवायूला बांधून टाकते आणि फ्लुओराइडची क्षारद्रव्ये मळी करतात. घरगुती यंत्राबरोबर येते ती हीच.

सोलापूर जिल्ह्यात या तारेला मोठे काम मिळाले ते साखर कारखान्यात. दसऱ्याच्या आगेमागे बॉयलरचे अग्निप्रदीपन होते आणि गळीत हंगामाची तयारी लागते. उसाच्या चरकाचे रोलर बिडाचे. ऊस घसरू नये म्हणून त्यांच्या दातांना खरखरीतपणा हवा असतो आणि तो दर दिवशी झिजतो. म्हणून रोलर फिरत असताना, त्यांवरून रस गळत असताना, वेल्डर हातात होल्डर घेऊन दातांवर कठीण धातूचे थेंब मारत जातो. याला 'आर्किंग' म्हणतात. जो बीड एकेकाळी लोहाराला दाद देत नव्हता त्याच्यावर, ओल्या अवस्थेत, चालत्या यंत्रात! वायूची टाकी तिथे काय कामाची? आता काही ठिकाणी हेच काम खास फ्लक्स कोअर तारेवर, यंत्राला धरून होते. वेल्डर त्या गरम, ओल्या, निसरड्या जागेपासून चार पावले दूर राहू शकतो, आणि मला विचाराल तर त्या तारेचा सगळ्यात मोठा उपकार हाच.

बॉयलरची गोष्ट निराळी. बॉयलर कायद्याखालच्या नियमांनुसार बॉयलरच्या दाबाखालच्या भागाला हात लावायचा तर वेल्डरने परीक्षा देऊन प्रमाणपत्र मिळवलेले असावे लागते. ग्रिलवाल्याला असे काही लागत नाही. एकाच हत्याराचे दोन दर्जे, आणि मजुरीतला फरकही तितकाच.

आता घराकडे येतो. सोलापुरात 'घरगुती वेल्डिंग' या शब्दाला एक जास्तीचा अर्थ आहे. गिरण्या खंगत गेल्या तसे जुने माग पूर्व भागातल्या घरांत आले. पुढच्या खोलीत यंत्रमाग, मागच्या खोलीत संसार, अशी घरे इथे शेकड्यांनी आहेत. त्यांतून चादरी आणि टॉवेल निघाले. माझ्या भिंतीपलीकडेही माग चालतात. मागाचा एखादा लोखंडी दांडा तुटला की दिवस बुडतो, म्हणून घरात छोटे यंत्र ठेवण्याकडे ओढा आहे आणि तो मला समजतो. पण मागाच्या खोलीत कापसाचे तंतू सगळीकडे असतात, तुळईवर, वायरींवर, मागाच्या खाली. ठिणगी त्यांत तासभरही गुपचूप धुमसू शकते. दोन्ही तारा ठिणग्या उडवतात, फ्लक्स कोअर अधिक उडवते. तेव्हा पहिला निर्णय तारेचा नाहीच: तुटलेला भाग सोडवून बाहेर आणायचा, मागाजवळ प्रज्योत पेटवायची नाही.

दुसरी गोष्ट धुराची. २०१७ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने वेल्डिंगचा धूर माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातला. जस्ताचा मुलामा असलेला पाइप जोडला तर काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो. तो एक-दोन दिवसांत उतरतो आणि लोक विसरतात. कारखान्यांतून वेल्डरला गूळ द्यायची जुनी रीत आहे. गुळाने घसा ओला होतो. फुफ्फुसात गेलेली धातूची भुकटी त्याने बाहेर येत नाही. फ्लक्स कोअरचा धूर सॉलिडपेक्षा स्पष्टच जास्त. म्हणून घरात सॉलिड बरी, असा सल्ला सर्रास मिळतो.

मला हा सल्ला उलटा वाटतो. सॉलिड वायरचा आडोसा म्हणजे वायूचा झोत, आणि ताशी आठ-दहा किलोमीटरच्या वाऱ्यानेही तो विस्कटतो. सांधा भोकाभोकांचा होऊ लागला की माणूस काय करतो? पंखा बंद करतो, मग खिडकी, मग दार. सांध्याला आडोसा मिळतो आणि माणूस आपल्याच धुरात कोंडला जातो. टाकीतून सुटलेला जड वायू खाली साठतो तो निराळाच. फ्लक्स कोअरचा धूर जास्त असला तरी ती गच्चीवर चालते, वाऱ्यात चालते, आणि वारा पाठीवर किंवा कुशीला घेतला तर धूर तोंडावर येत नाही. ज्या कारखान्यात धूर ओढून नेणारी नळी सांध्याशी लावता येते तिथे सॉलिड उत्तम. सांधा स्वच्छ, मळी फोडणे नाही, तार किलोमागे स्वस्त, आणि पातळ पत्र्याला तिच्यासारखी हलकी कोणी नाही. सोलापूरच्या घरात मात्र, जिथे गच्ची आहे आणि नळी नाही, तिथे मी फ्लक्स कोअर घेतली. गच्चीच्या कठड्याचा पाइप, सायकलचे स्टँड, तुळशीभोवतीची जाळी, एवढीच तिची कामे.

त्यापलीकडे तिला नेऊ नये. घरगुती गुंडाळीवर बहुधा 'ई ७१ टी-जीएस' असा शिक्का असतो. ती तार पातळ मालाच्या एकाच थराच्या सांध्यासाठी आहे. थरावर थर चढवत गेले तर सांध्यात अ‍ॅल्युमिनियम साठते आणि तो तडकण्याची भीती वाढते. पाण्याच्या टाकीचा घोडा, झोपाळ्याची कडी, बाल्कनीचा आधार, यांच्याखाली माणसे उभी राहतात. ती कामे मी अजून रॉडवाल्याकडेच देतो.

यंत्राच्या पोटात दोन टोके असतात, धन आणि ऋण. सॉलिड वायरला पिस्तूल धन टोकाला जोडतात, वायूशिवायच्या फ्लक्स कोअरला ऋण टोकाला. बरीच यंत्रे दुकानातून निघताना सॉलिडच्या जोडणीत असतात. ती न बदलता फ्लक्सची तार लावली तर ठिणग्यांचा पाऊस पडतो, सांधा वरच्या वर गोळा होतो, आणि आठवडाभरात यंत्र कोपऱ्यात जाते. तार ओढणारी चाकेही दातेरी लागतात, पण दाब हलका ठेवावा, नाहीतर पोकळ तार चेपते. आणि पावसाळ्यात उरलेली गुंडाळी झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात ठेवावी. आतल्या भुकटीला ओल लागली की सांध्यावर अळीने पोखरल्यासारख्या रेघा उठतात.